मुदत

लाँड्रीच्या मागच्या दारापासून माझ्या गाडीपर्यंत
एकशे बेचाळीस पावलं.
हिवाळ्यात एकशे तीस.
तेव्हा थंडीवर ढकलता येतं.

रात्री दोनला शिफ्ट सुटते.
तीन इस्पितळांच्या चादरी धुऊन झालेल्या,
कुणाचं रक्त, कुणाचं बाळंतपण,
सगळं एकाच पाण्यातून वाहून गेलेलं.
अंगाला ब्लीचचा वास
आणि उजव्या मुठीत ती डबी,
लिपस्टिकहून थोडी जाड,
किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवलेली.

ओतिलियाने शिकवलं होतं :
अंगठा खटक्यावर ठेव, दाबू नकोस.
सहा वर्षं माझा अंगठा तसाच आहे,
ठेवलेला, न दाबलेला.
चर्चमध्ये शेजारणीशी हात मिळवताना
आधी तो सरळ करावा लागतो.

मॅनेजरने एकदा बैठक घेतली.
जोडीने बाहेर पडा, म्हणाला,
फोनवर बोलत चालू नका, केस बांधून घ्या.
दिव्याचं विचारलं तर म्हणाला, अर्ज गेलाय.
खांब अजून आंधळाच आहे.
फाउस्तीनो आमच्याबरोबरच सुटतो,
शीळ घालत, दोन्ही हात खिशात.
एकदा मी विचारलं, गाडीपर्यंत किती पावलं होतात रे तुझी?
त्याला वाटलं, मी व्यायामाचं विचारतेय.

मी हॅचच्या खोऱ्यातली.
आमच्याकडे मिरच्यांची लाल माळ दाराला टांगतात,
येणाऱ्याचं भलं व्हावं म्हणून.
ऑगस्ट सरता सरता वडील जाळीचा पिंप फिरवायला घ्यायचे,
खाली गॅसचा भडका,
हिरवी सालं तडतडत सुटायची
आणि रस्ताभर खाट उठायचा.
माणसं शिंकत, डोळे पुसत, हसत रांगेत उभी.
हीच मिरची उद्या पोरीच्या मुठीत द्यावी लागेल,
असं तेव्हा कुणी म्हटलं असतं
तर वडिलांच्या नाकाला चांगलीच झोंबली असती.

परवा डबीच्या बुडाशी नजर गेली.
मुदत संपून चौदा महिने.
म्हणजे चौदा महिने मी रोज रात्री
एक रिकामी समजूत मुठीत धरून चालत होते
आणि काही झालं नाही.
याचा आनंद मानायचा की काय, ते कळेना.

रविवारी परसात गेले.
शेजाऱ्यांचा कुत्रा आत जाईपर्यंत थांबले.
हात लांब केला, खटका दाबला.
वाटलं होतं, काही निघायचंच नाही.
निघालं.
नारिंगी, बारीक, म्हाताऱ्याच्या खोकल्याएवढं,
आणि वाऱ्याने ते उचलून
सरळ माझ्याच तोंडावर आणलं.

इथे वडिलांचा पिंप आठवला असं लिहिलं तर शोभेल.
नाही आठवला.
तो वास नव्हताच, नुसती आग होती.
बागेच्या नळीखाली डोळे धरून मी गुडघ्यांवर बसले,
ग्रासिएला धावत आली, मामा, काय झालं?
मिरची, म्हटलं.
आणि मिरचीच्या नावावर
सहा वर्षांचं रडून घेतलं.
तिने टॉवेल आणला, नंतर दूध आणलं,
कुणीतरी तिला दुधाचं सांगितलं होतं.

सोमवारी दुकानात पोरगा म्हणाला,
दोन घेतल्यात तर स्वस्त पडतील.
जूनपासून ग्रासिएला आइस्क्रीमच्या खिडकीवर बसणार,
रात्री अकरापर्यंत.
दोन दे, म्हटलं.
रंग कोणता? गुलाबी आहे, आकाशी आहे,
हा चमकीचा मुलींना फार आवडतो.
मी त्याच्याकडे पाहत राहिले.
त्याची तरी काय चूक, विशीतला असेल.
म्हटलं, आधी मुदत दाखव.